बंगईची फळी

30 मार्च 2025, रविवार, अमरावती

पाडवा. आई कालच अकोल्याहून आल्या, आता इथेच राहायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला चार महिने झाले. चालणं सुधारलंय, पण खाली बसणं डॉक्टरांनी कायमचं बंद केलंय.

दुपारी पुरणपोळ्या. हे आणि धाकटा सोफ्यावर, ताट मांडीवर. मी तव्याशी. आईंसाठी ओट्याच्या टोकाला प्लास्टिकची खुर्ची ठेवली, समोर स्टुलावर ताट. जागाच तशी असल्यामुळे त्यांचं तोंड भिंतीकडे झालं. तुपाची वाटी घेऊन वळले, तर दिसली ती त्यांची पाठ. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई सणाच्या दिवशी भिंतीकडे बघत जेवत होती. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र पोळी गोड लागली नाही.

साईनगरच्या या फ्लॅटमध्ये येऊन सात महिने झाले. दारापासून ओट्यापर्यंत एकच जागा, 22 फूट लांब आणि 12 फूट रुंद, मध्ये भिंत नाही. घेताना हाच मोकळेपणा आवडला होता. या मोकळ्या जागेत बसण्याचा कोपरा झाला, टीव्हीचा झाला, धाकट्याच्या सायकलीचाही झाला. जेवणाचा तेवढा झाला नाही. आता तो करायचा.

2 एप्रिल, बुधवार

दुकानात जाऊन टेबल पाहण्याआधी त्याची जागा अंथरून पाहायची ठरवली. रद्दीतली वर्तमानपत्रं चिकटपट्टीने जोडून 6 बाय 3 फुटांचं टेबल फरशीवर मांडलं. मापं साधी आहेत. ताट, पेला आणि दोन कोपरं एवढ्यासाठी एका माणसाला काठावर 2 फूट लागतात. खुर्ची मागे ओढून उठायला आणि वाढणाऱ्याला मागून निघायला 3 फूट. दोन्ही बाजूंनी खुर्च्या धरल्या की 12 फुटांतले 9 तिथेच गेले. समोरच्या भिंतीला फ्रीज अडीच फूट. गॅलरीत जायला अर्धा फूट उरला.

धाकटा दिवसभर कागदावर पाय न देता वळसा घालून चालत होता. वाट कुठून जाते ते त्याच्याकडे पाहूनच कळलं. संध्याकाळी आईंनी विचारलं, "काहून व, एवढे पेपर काहून अंथरले?" सांगितलं. बराच वेळ पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, "एक बाजू भितीले लाव ना. भितीकून कोनी वाढत नाही."

खरंच की. भिंतीच्या बाजूला खुर्च्या नकोत, बाक हवा. बाकामागून कोणाला जायचंच नसतं. दीड फुटात बाक बसला तर वाट दोन फूट मोकळी होते, आणि टेबल रिकामं असताना त्याहून जास्त. शेकडो पंगती वाढलेल्या बाईला हे माप टेपशिवाय ठाऊक होतं.

5 एप्रिल, शनिवार, अकोला

घर आवरायला आलो. रस्ता आता छान झालाय. 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना या टप्प्यात 75 किलोमीटरचं डांबरीकरण एकशेपाच तासांच्या आसपास सलग करून विक्रम झाला, तोच हा रस्ता. मूर्तिजापूरला चहा घेऊनही दहाच्या आत जुन्या शहरात पोचलो.

असदगडाच्या किल्ल्यापासून जवळच आमचं घर. ढेलज, मग अंगण, ओसरी, माजघर, आत स्वयंपाकघर. आज प्रथमच लक्षात आलं की एवढ्या मोठ्या घरात जेवणघर असं नव्हतंच. पुरुषांचे पाट माजघरात मांडले जात, सालदारांना ओसरीवर वाढत, लेकरं जिथे बसतील तिथे, आणि बायका सगळ्यांचं झाल्यावर चुलीजवळ. जेवणाची जागा दिवसातून दोनदा मांडायची आणि दोनदा उचलायची. पाट भिंतीला उभे केले, फरशी पुसली की तिथे पुन्हा माजघर. आमच्या हॉलला आपण नव्या पद्धतीचा म्हणतो, पण एकाच जागेत सगळं करायची सवय आपल्या लोकांना जुनीच आहे. फरक इतकाच की तेव्हा गुडघे साथ देत होते.

निघताना आईंनी यांना एकच सांगितलं होतं, "बंगई तेवढी आनजो रे." ओसरीवरची बंगई, म्हणजे झोपाळा, कड्यांतून सोडवली. सागवानाची एकसंध फळी, 5 फूट लांब, 22 इंच रुंद, पावणेदोन इंच जाड. चार कोपऱ्यांना कड्यांची चार भोकं. भोकांच्या आतली कड लोखंडाने घासून काळी झालेली, आणि फळीची पुढची धार बसणाऱ्यांच्या मांड्यांनी गोल झालेली. आईंनी हिच्यावर बसून किती भाजी निवडली असेल, त्याचा हिशेब नाही. छोट्या टेम्पोत गादी अंथरून ती अमरावतीला आणली.

हिचाच बाक करायचा, हे आम्ही दोघांनी एकदमच म्हटलं.

13 एप्रिल, रविवार, परतवाडा

मिस्त्रींना घेऊन सकाळीच परतवाड्याला आलो. मेळघाटचं सागवान इथे वनखात्याच्या डेपोत येतं, लिलाव होतो, आणि मग आरागिरणीत त्याच्या फळ्या पडतात. गावात शिरतानाच भुशाचा वास येतो.

एका ठिकाणी फळ्या फारच सुरेख दिसल्या. मी हात फिरवत होते, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, "ताई, थे हिरवं हाय. पावसाळ्यात फुगन, उन्हाळ्यात उलन." मग त्यांनी पारखायचं कसं ते शिकवलं. गाभ्याचं लाकूड तपकिरी, तेलकट, हाताला जड. बाहेरचं पांढरं लाकूड स्वस्तात लावतात, पण वाळवी आधी त्यालाच धरते. फळीचं टोक पाहायचं. तिथे बारीक भेगा ताज्या असतील तर लाकूड अजून वाळतंय. आमच्याकडे एप्रिलमध्ये हवा कोरडी ठण्ण, जुलैत ओली चिंब. इतका फरक सोसायचा तर लाकूड आधीच नीट वाळलेलं हवं.

हिशेबही त्यांनी तिथेच केला. वरचा पृष्ठभाग 6 बाय 3 फूट, एक इंच जाड, म्हणजे दीड घनफूट. तीन इंची चार पाय, पाऊण घनफुटाच्या आत. बाजूच्या आणि खालच्या पट्ट्या अर्धा घनफूट. कापाकापीत जाणारं आणि बाकाचे पाय धरून साडेतीन घनफूट घ्या. दुकानात टेबल बघताना आपण किंमत विचारतो, त्यात लाकूड किती हे कधी विचारत नाही.

वरच्या फळ्या खालून पट्टीला घट्ट आवळायच्या नाहीत, हेही कळलं. लाकूड लांबीत हलत नाही, रुंदीत फुगतं आणि आकसतं. म्हणून स्क्रूचं भोक लांबट ठेवायचं, म्हणजे फळीला सरकायला वाव राहतो. आवळली तर तडा जाणारच.

16 एप्रिल, बुधवार

उंचीचा घोळ आज सुटला.

सगळीकडे टेबल 30 इंच उंच आणि खुर्चीची बैठक 18 इंच. शेजाऱ्यांकडून तसं टेबल आणून आईंना बसवलं आणि वरण-भाकरी वाढली. भाकरी कुस्करताना त्यांचं कोपर खांद्यापर्यंत वर येत होतं. आपण हाताने जेवतो, काला करतो, पुरी मूठ ताटात उतरते. ताट कोपराच्या खाली हवं. पाटावर जेवताना ते तसंच असतं.

खुर्ची उंच केली तर पाय लोंबकळतात. खुर्ची बुटकी केली तर गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला उठताना जीव जातो. तेव्हा खुर्ची 18 इंचच ठेवायची आणि टेबल 28 वर आणायचं. पण पृष्ठभागाखालची पट्टी नेहमीसारखी चार इंची ठेवली तर मांडीला जागा उरते पाच इंच, ती अपुरी. मिस्त्रींनी विचार करून पट्टी अडीच इंचांची केली, आता साडेसहा इंच मोकळे राहतात. पट्टी अरुंद झाली म्हणून पायांना खाली एक आडवी पट्टी जास्तीची, खाच पाडून बसवलेली. आईंच्या खुर्चीला दोन्ही बाजूंनी हात, रेटून उठण्यासाठी. बैठकी सगळ्या निवारीने विणलेल्या. रेक्झिन आमच्या उन्हाळ्यात पाठीला चिकटतं, निवारीतून वारा जातो.

संध्याकाळी मुंबईहून थोरल्या लेकीचा फोन. आज इथल्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं पहिलं विमान उतरलं, त्याच आनंदात होती. "आता मी सारखी येणार, माझी खुर्ची धर." धरली. बाकावर दोघं, समोर दोन खुर्च्या, टोकाला आईंची. पाहुणे आले तर बाकावर तिसरा मावतो. पण माप रोजच्या माणसांचं घ्यायचं, वर्षातून दोनदा येणाऱ्यांचं नाही.

20 एप्रिल, रविवार

पारा कधीच चाळिशीपार गेलाय. कूलर लावला, वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या. पहिलं पाणी पडताच घरभर तो ओल्या मातीसारखा वास.

वऱ्हाडात जेवणाची जागा ठरवायची तर आधी कूलर कुठे ते ठरवावं लागतं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून ती बाहेर जायला वाट हवी. नाहीतर घर नुसतं दमट होतं. हॉलच्या खिडकीत कूलर ठेवला आणि ओट्यामागची खिडकी उघडली. वारा हॉलमधून स्वयंपाकघराकडे वाहू लागला. मिरच्यांचा ठेचा केला तरी ठसका हॉलमध्ये आला नाही, सरळ खिडकीतून बाहेर. भिंत नसलेल्या घरात वाऱ्याची दिशा हीच भिंत.

अडचण दुसरी निघाली. कागदाचं टेबल नेमकं या झोतात. वरण पाच मिनिटांत निवलं, आणि ताटात घेतलेली कुरडई संपायच्या आत सादळली. म्हणून जागा अडीच फूट आत, झोताच्या कडेला सरकवली. हे दुकानात उभं राहून कळलं नसतं.

25 एप्रिल, शुक्रवार

दिवा. आतापर्यंत सगळ्या हॉलला एक पांढरी ट्यूब. तिच्यात पिवळं वरण करडं दिसतं आणि माणसांचे चेहरे दमलेले.

मेळघाटात धारणी तालुक्यात लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी उभारलेलं संपूर्ण बांबू केंद्र आहे. तिथल्या कारागिरांची कामं पाहून बांबूची एक टोपीसारखी छत्री मनात भरली होती, ती आणली. आत पिवळसर उजेडाचा बल्ब. टेबलापासून 30 इंच वर टांगायचा. त्याहून खाली आला तर समोरच्याचा चेहरा झाकतो, वर गेला तर उजेड डोळ्यांवर येतो. वायरने टांगला तर कूलरच्या वाऱ्यात झुलेल, म्हणून नळी घेतली. पंख्याच्या घेरापासून दूर ठेवला.

रात्री ट्यूब बंद करून तो एकटा लावला. कागदाच्या टेबलाएवढाच उजेडाचा गोल फरशीवर पडला, बाकीचा हॉल मागे सरला. न बांधलेली खोली दिसू लागली.

सतरंजीचंही ठरलं. दाजीसाहेब पटवर्धनांनी 1946 मध्ये कुष्ठरोग्यांसाठी उभ्या केलेल्या इथल्या तपोवनात विणलेली एक जाड सतरंजी घरात आहे. ती टेबलाखाली नको. वरण सांडणार, शितं अडकणार. ती सोफ्याकडे अंथरली. सतरंजी संपते तिथे बसण्याची जागा संपते, उघडी फरशी सुरू होते तिथे जेवणाची. उंबरठ्याचं काम झालं.

30 एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

नवा माठ भरला. आईंनी विचारलं, "माठ कुठी ठेवशीन?" त्यांच्या खुर्चीमागच्या कोपऱ्यात लाकडी तिवई करायला सांगितली आहे. सजवलेल्या जेवणघरांच्या छापील फोटोंत फुलदाणी असते, माठ नसतो. आमच्याकडे तो आधी. हात धुवायचं बेसिनही फ्रीजच्या आडोशाला, चार पावलांवर, पण ताटावरून दिसणार नाही असं.

पितरांच्या नावाने घागर भरून झाल्यावर आई त्यांच्या सासऱ्यांविषयी बोलल्या. ते शिकायला अमरावतीला होते, पंजाबराव देशमुखांच्या श्रद्धानंद छात्रालयात. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. "थे मोठ्या अभिमानानं सांगत, आमी सारे एका पंगतीत बसून जेवलो. बाहीर कोनी पानी देत नव्हतं त्या पोरायच्या मांडीले मांडी लावून." जरा थांबल्या. "अन् आमी घरातल्या बाया मांगून जेवो. त्यायच्या ध्यानातच नव्हतं आलं. मले बी नव्हतं आलं."

हे त्या तक्रारीने बोलल्या नाहीत. सासऱ्यांविषयी त्यांच्या मनात आजही आदर आहे, आणि तो खरा आहे. 1920 च्या दशकात त्या पंगतीत बसणं सोपं नव्हतं. पण एका पंगतीपासून दुसऱ्या पंगतीपर्यंत, ओसरीपासून चुलीपर्यंत, अंतर उरलंच.

18 मे, रविवार

टेबल आलं. चौघांनी उचलून आणलं, कागद होते त्याच जागी ठेवलं. पॉलिश पीयूचं, हळदीचा डाग धरत नाही असं मिस्त्री म्हणतात, पण गरम पातेलं थेट ठेवायचं नाही, त्यासाठी दोन अडण्या काढल्या. बाकामागच्या भिंतीला गेरूचा रंग दिला, पाठ टेकून मळली तरी शोभेल.

बंगईच्या फळीची भोकं बुजवून वर पॉलिश मारू का, असं मिस्त्रींनी विचारलं होतं. आई म्हणाल्या, "राहू द्या. तिच्या कानाचे भोकं हायेत थे." फळीला फक्त तेल पुसलं.

27 मे, मंगळवार

खरं ते लिहिते. टेबल येऊन नऊ दिवस झाले आणि मी एकदाही सगळ्यांबरोबर जेवले नाही.

दिवसभर टेबल भरलेलं असतं. आई बाकावर बसून मेथी निवडतात, धाकटा पलीकडे सुट्टीतलं वाचतो, हे बिलं मांडतात. आईंचं तोंड आता सगळ्या घराकडे असतं. पण जेवायची वेळ झाली की मी तव्याशी, कारण भाकरी गरमच हवी. सगळ्यांचं झालं की मी बसते, आणि आई समोर बसून राहतात, मी एकटी जेवू नये म्हणून. मापं घेतली, लाकूड पारखलं, वाऱ्याची दिशा बदलली, दिवा टांगला, आणि चुलीजवळचं ते मागून जेवणं तसंच उचलून या घरात आणलं. फक्त आता ते भिंतीआड नाही, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. भिंत नसण्याचा एवढा उपयोग झाला की मला ते दिसलं.

8 जून, रविवार

मृग लागला. दुपारभर ढग, चार थेंब, मग पुन्हा ऊन. थोरली काल आली आहे.

आज भाकऱ्या आधी केल्या. बारा भाकऱ्या, दुरडीत धुतलेलं सुती फडकं घालून त्यात रचल्या आणि वरून झाकल्या. शेगडी बंद केली. वांग्याची भाजी, वरण, ठेचा, कांदा, सगळं टेबलाच्या मध्यावर अडण्यांवर. पाच ताटं एकदम वाढली.

आई खुर्चीचे हात धरून अर्ध्या उठल्या होत्या. "गरम भाकर कोन वाढन व?"

"कोणीच नाही, आई. दुरडी इथेच आहे. ज्याची त्याने घ्यायची."

त्या पुन्हा बसल्या. मी बाकावर, भिंतीला पाठ लावून, थोरलीच्या शेजारी. धाकट्याने दुरडी उघडून पहिली भाकरी आईंच्या ताटात ठेवली, मग ती दुरडी हातोहात फिरली. वाफेने भाकरीचा पापुद्रा मऊ पडला होता. आईंनी तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला आणि म्हणाल्या, "निवली थोडी."

"हो," मी म्हटलं, "थोडी निवली."

त्यांनी दुसरी मागून घेतली. माझा डावा हात बाकाच्या कडेला होता. बोट बंगईच्या भोकात, लोखंडाने गुळगुळीत केलेल्या कडेवर फिरत होतं. बऱ्याच वर्षांनी माझं वरण गरम होतं.